आकाशाची छाट

परग्रहावर बुद्धिमान जीव आहेत का, याचा शोध घेण्यासाठी निपाणीतल्या एका मागच्या खोलीतला संगणक रात्रभर चालू ठेवावा, ही गोष्ट आज कोणाला सांगितली तर ऐकणारा ती थट्टेवारी नेतो. १९९९ नंतरची काही वर्षे मात्र आमच्या घरात ते नित्याचे काम होते. तंबाखू व्यापाऱ्यांचे हिशेब संगणकावर बसवून देणे हा माझा व्यवसाय. दिवसभर त्या यंत्रावर बोदांची वजने, दर आणि येणे-बाकी यांचे आकडे चालत, आणि संध्याकाळी वखारींना कुलपे लागली की ते यंत्र रिकामे होई. त्याचा हा रिकामा वेळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या वापरासाठी द्यायचा, एवढाच तो व्यवहार होता. ‘सेटी अॅट होम’ हे त्या प्रकल्पाचे नाव; सेटी म्हणजे परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा शोध, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. १७ मे १९९९ रोजी तो सर्वांसाठी खुला झाला, काही महिन्यांतच त्यात १० लाखांहून अधिक लोक सामील झाले, आणि पुढच्या वीस वर्षांत ही संख्या ५० लाखांच्या पुढे गेली.

या कामासाठी लागणारा कान पोर्तो रिको बेटावर होता. अरेसिबो येथे डोंगरांमधल्या एका नैसर्गिक खळग्यात ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण बांधलेली होती. तिची तबकडी जागेवरून हलत नसे. वर टांगलेला ग्राहक, म्हणजे लहरी टिपणारा रिसीव्हर, थोडाफार सरकवता येई आणि बाकीचे काम पृथ्वीच्या फिरण्यावर सोपवलेले असे. सेटीवाल्यांची गंमत अशी की, ही दुर्बीण कोठे रोखायची हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. दुसरे खगोलशास्त्रज्ञ आपापल्या कामासाठी ती वापरीत असताना सेटीचा ग्राहक शेजारून ऐकत राही आणि त्या वेळी आकाशाचा जो तुकडा समोर येईल तो टिपून घेई. ऐकण्याची जागाही अरुंदच होती. १४२० मेगाहर्ट्झच्या आसपासचा केवळ अडीच मेगाहर्ट्झचा पट्टा त्यांनी निवडला होता. विश्वात सर्वत्र पसरलेला हायड्रोजन याच कंप्रतेवर बोलतो. तेव्हा ज्याला दुसऱ्याचे लक्ष वेधून घ्यायचे आहे, तो याच जागेच्या जवळपास हाक मारील, असा तर्क कोक्कोनी आणि मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडला होता. त्यानंतरच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी दोन जवळच्या ताऱ्यांकडे दुर्बीण लावून तो प्रत्यक्ष अजमावूनही पाहिला होता. शिवाय या पट्ट्यात पृथ्वीवर कोणी प्रक्षेपण करायचे नाही, असा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो पुरता पाळला जात नाही, हा भाग वेगळा.

दुर्बिणीने टिपलेले सगळे ३५ गिगाबाइटच्या चुंबकीय फितींवर साठवले जाई आणि त्या फिती चक्क टपालाने बर्कलीला जात, कारण बेटावरून इतका मजकूर पाठवील अशी तार तेव्हा उपलब्ध नव्हती. बर्कलीत त्याचे तुकडे केले जात. एका तुकड्यात १०७ सेकंदांचे आकाश, तेही अडीच मेगाहर्ट्झच्या २५६ भागांपैकी एकाच भागाचे, म्हणजे सुमारे १० किलोहर्ट्झ रुंदीचे. असा एक तुकडा साडेतीनशे किलोबाइटच्या आतबाहेर भरे. आमच्या फोनच्या कुरकुरणाऱ्या तारेवरूनही तो काही मिनिटांत उतरून येई. आणि एकदा तो आला की संगणकाला तासन्‌तास, जुन्या यंत्राला तर एक-दोन दिवससुद्धा, पुन्हा फोन लागत नसे. या योजनेतले मला सर्वांत हुशारीचे वाटलेले कलम हेच आहे. माहिती थोडी, गणित अफाट, आणि एका तुकड्याचे गणित दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून नाही. ही तिन्ही लक्षणे ज्या कामात एकत्र येतात ते काम कितीही लोकांना वाटून देता येते, मग त्यांची एकमेकांशी ओळख नसेना का, आणि त्यांच्या फोनची तार कशीही असेना का.

निपाणीत हे समजावून सांगायला वेगळा दृष्टान्त शोधावा लागत नव्हता, कारण अर्ध्या गावाचे पोट अशाच पद्धतीवर चालत होते. विडी कारखान्याच्या ठेकेदाराकडून बायका पाने, तंबाखू आणि दोरा मोजून घेत, घरी उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत, आणि तयार झालेला माल परत नेऊन देत. प्रत्येकीची पाने वेगळी, प्रत्येकीची वेळ वेगळी. एकीच्या घरी आजारपण आले म्हणून दुसरीचा हात थांबत नसे. आमच्या शेजारच्या मावशी याच कामात म्हाताऱ्या झाल्या होत्या. रात्री खिडकीतून दिसणाऱ्या पडद्यावर लाल-जांभळ्या रंगाचे शिखरांचे पट्टे सरकताना पाहून त्यांनी एकदा मला विचारले तेव्हा मी हाच दाखला दिला, आणि तो त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “मजुरी किती देत्यात?” मी म्हणालो, काही नाही. “मग छाट तरी परत देत्यात का न्हाई?”

विड्या परत नेल्यावर तपासनीस त्यांतल्या काही सैल, काही वाकड्या म्हणून बाजूला काढतो, त्यांना छाट म्हणतात. छाटलेल्या विडीची मजुरी मिळत नाही, आणि ती विडी बाईला परतही मिळत नाही. का छाटली, हेही कोणी सांगत नाही. मावशींचा प्रश्न मी त्या वेळी हसण्यावारी नेला होता. परंतु सेटी अॅट होमच्या सगळ्या इतिहासात खरा प्रश्न तोच होता, असे आज वाटते.

तो समजण्यासाठी आमचे यंत्र रात्रभर काय करीत होते हे थोडे सविस्तर सांगायला हवे. दूरच्या ग्रहावरून कोणी एकच स्थिर सूर पाठवीत आहे असे धरले, तरी तो आपल्यापर्यंत स्थिर पोचत नाही. पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, तो ग्रहही कोणत्या तरी गतीने फिरत असणार, आणि या फिरण्यामुळे सुराची कंप्रता हळूहळू सरकत जाते. आपल्या पृथ्वीचे सरकणे हिशेबातून वजा करता येते. त्या अज्ञात ग्रहाचे येत नाही. म्हणून संगणक एकाच तुकड्यावर हजारो निरनिराळ्या सरकण्यांचा अंदाज बांधून प्रत्येक वेळी सगळे गणित पहिल्यापासून करी, आणि कोणत्या अंदाजाने कुजबुज एका जागी गोळा होऊन ठसठशीत होते ते पाही. हे काम त्या काळच्या महासंगणकांवर करायचे म्हटले असते तर त्याचे भाडे परवडणे कठीण होते. विशेषतः १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने नासाच्या अशा शोधाचा निधीच बंद केल्यावर. लोकांच्या घरातल्या रिकाम्या यंत्रांकडे वळण्याची कल्पना १९९५ च्या सुमारास निघाली, ती याच टंचाईतून.

दुसरी चाचणी मला अधिक आवडे. दुर्बीण स्थिर असताना आकाशातला एखादा बिंदू तिच्या नजरेच्या पट्ट्यातून जायला सुमारे १२ सेकंद लागत. खरोखर आकाशातून येणारा संदेश असेल तर तो या बारा सेकंदांत हळूहळू वाढला पाहिजे, मधोमध सर्वांत जोरात ऐकू आला पाहिजे आणि त्याच बेताने मावळला पाहिजे. जवळच्या विमानतळाचा रडार, वरून जाणारा उपग्रह किंवा दुर्बिणीच्याच आवारातले एखादे उपकरण यांना हा चढउतार पाळण्याचे कारण नाही; ते एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात, किंवा थांबतच नाहीत. म्हणजे आकाश आपल्या मंद फिरण्याने स्वतःची ओळख पटवून देत होते, आणि आमच्या खोलीतला पेंटियम ती ओळख पाहत होता. त्याने असे काही लक्षणीय टिपले की त्याची नोंद बर्कलीला जाई. आम्हाला मात्र, “तुमचा तुकडा पूर्ण झाला, हा घ्या पुढचा,” यापलीकडे काही कळत नसे.

याचा खर्च लोक विचारतात, आणि विचारलाच पाहिजे. शंभर वॅटचे यंत्र दहा तास चालले की विजेचे एक युनिट होते. महिनाभर रात्री यंत्र चालवले तर बिलात तीसएक युनिटे वाढतात. हे दान अगदीच फुकटचे नव्हते, आणि ‘वाया जाणारी शक्ती वापरा’ ही त्या वेळची जाहिरात मला थोडी लबाडीची वाटते, कारण स्वस्थ बसलेल्या यंत्रापेक्षा राबणारे यंत्र जास्त वीज खाते. आमच्याकडे तर पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसे. सुदैवाने तो कार्यक्रम केलेले काम अधूनमधून लिहून ठेवी, म्हणून लाइट आली की तो जवळपास तेथूनच पुढे चालू होई. अधिक त्रास तंबाखूच्या धुळीचा. वखारीच्या गावात ती सर्वत्र असते, आणि रात्रंदिवस फिरणारा पंखा ती आत ओढून घेतो. मी पेटी उघडून रंगाच्या कुंचल्याने पंखा झाडू लागलो की घरातले सगळे शिंकत. हा सगळा भार मात्र ज्याने त्याने आपल्या घरात, आपल्या मर्जीने घ्यावा. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात एका शाळा-संस्थेच्या तंत्रज्ञाने संस्थेच्या हजारो संगणकांवर हा कार्यक्रम बसवला आणि २००९ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. त्याची बाजू घेणारे पुष्कळ होते. मी त्यांच्यात नाही. दान आपल्या मालकीच्या वस्तूचे करावे.

एक गोष्ट सीमाभागात राहणाऱ्याच्याच लक्षात येईल म्हणून सांगतो. नावनोंदणीच्या अर्जात ते नाव विचारीत, ईमेल विचारीत आणि देश विचारीत. राज्य विचारीत नसत. १९५६ पासून आमच्याकडे दुकानाच्या पाटीपासून उताऱ्याच्या नकलेपर्यंत प्रत्येक कागदावर राज्य आणि भाषा यांचा प्रश्न उभा असतो, आणि १ नोव्हेंबरला अर्धा जिल्हा उत्सव करतो तेव्हा अर्धा निषेधाची फेरी काढतो. त्या अर्जावर मात्र मी, बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला माझा कन्नडभाषक मित्र आणि कोल्हापुरातले माझे आतेभाऊ असे तिघेही एकाच यादीत, एकाखाली एक होतो, आणि चुरस एवढीच की कोणाचे तुकडे जास्त झाले. यातून काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही. ती यादी पाहताना बरे वाटत असे, एवढेच.

चुरशीचा एक परिणाम मात्र विचार करायला लावणारा झाला. केलेल्या तुकड्यांची संख्या सर्वांना दिसे, आणि विशिष्ट टप्पा ओलांडला की प्रमाणपत्र मिळे; बक्षीस म्हणून त्यापलीकडे काही नव्हते. तरीही काही जणांनी कार्यक्रमात फेरफार करून, गणित न करताच खोटी उत्तरे पाठवायला सुरुवात केली. मजुरी नसलेल्या कामात लबाडी कशासाठी करावी, हे मला आजवर कळलेले नाही. बर्कलीने त्यावर उपाय केला तो साधा होता: एकच तुकडा दोन किंवा अधिक अनोळखी संगणकांकडे पाठवायचा, आणि उत्तरे जुळली तरच ती धरायची. २००५ पासून सगळे काम ‘बॉइंक’ नावाच्या नव्या व्यवस्थेतून होऊ लागले, तेव्हा ही जुळणी तिच्या रचनेतच होती. म्हणजे निपाणीतल्या रात्रभराच्या कामाची खातरजमा जगाच्या कोठल्या तरी दुसऱ्या टोकाला, आपल्याला ठाऊक नसलेला एक माणूस, स्वतःलाही न कळता करीत होता.

प्रकल्पाची प्रसिद्धी मात्र वेगळ्या सुरात चाले. तुमच्याच संगणकावर परग्रहवासीयांचा पहिला संदेश उमटेल, अशी ती भुरळ होती, आणि ती नसती तर ५० लाख लोक आले नसते हेही खरे. सप्टेंबर २००४ मध्ये अरेसिबोने पुन्हा पुन्हा टिपलेल्या एका संकेताची बातमी जगभर झाली. आमच्याकडेही लोक विचारायला आले. स्वतः सेटीच्या शास्त्रज्ञांनी लगेच सांगितले की हा बहुधा गोंगाटातला योगायोग आहे, आणि गर्दी ओसरली. दुर्बिणीच्या आसपास आपलाच गोंगाट किती असतो याची कल्पना पुण्याजवळच्या खोडदला गेल्याशिवाय येत नाही. नारायणगावाजवळच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, आणि जागा निवडताना माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट कमी असणे ही एक मोठी अट होती. तेथे विज्ञान दिनाच्या गर्दीत उभे राहून मी ऐकत होतो, आणि अरेसिबोच्या फितींवर रडारचे ठोके किती आले असतील याचा विचार करीत होतो.

३१ मार्च २०२० रोजी बर्कलीने नवे तुकडे पाठवणे थांबवले. हवे तेवढे गणित झाले आहे, आता त्याचा अर्थ लावायचा आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी अरेसिबोच्या दोन केबली तुटल्या, आणि १ डिसेंबरला वर टांगलेला सुमारे ९०० टनांचा सांगाडा तबकडीवर कोसळला. जो कान आमच्या संगणकांनी वीस वर्षे तपासला, तोच कान पुन्हा त्याच दिशेला लावून खात्री करून घेण्याची सोय तेव्हा संपली.

येथे मावशींचा प्रश्न येतो. लोकांच्या संगणकांनी मिळून सुमारे १२०० कोटी नोंदी जमा केल्या होत्या. जमा करणे हे काम गर्दीला जमले. छाटणे तिला जमण्यासारखे नव्हते. एकच ठिकाण, जवळपास तीच कंप्रता, पण निरनिराळ्या वर्षी टिपलेली, अशा नोंदी शोधून एकत्र आणायच्या आणि त्यांतला पृथ्वीचा गोंगाट काढून टाकायचा, याची पद्धतच अनेक वर्षे ठरलेली नव्हती. बर्कलीतले डेव्हिड अँडरसन, एरिक कोर्पेला, डॅन वेर्थिमर आणि त्यांचे मोजके सहकारी यांनी ते काम सुमारे दहा वर्षे केले, आणि त्यासाठी जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेचा महासंगणक वापरावा लागला. आपली चाळण खरे दाणेच तर टाकून देत नाही ना, हे तपासण्यासाठी त्यांनी सुमारे ३,००० बनावट संकेत मुद्दाम माहितीत मिसळले आणि त्यांतले किती शेवटपर्यंत टिकतात ते पाहिले. १२०० कोटींचे १० लाख झाले, १० लाखांचे शंभर. त्या शंभर जागांकडे २०२५ पासून चीनमधली ५०० मीटर व्यासाची फास्ट दुर्बीण पुन्हा पाहत आहे.

अशा बातम्यांखाली “म्हणजे काहीच सापडले नाही” असे लिहिणारे असतात, आणि त्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते. ते तीन हजार बनावट संकेत मिसळले नसते तर त्यांचे म्हणणे खरे ठरले असते, कारण मग ‘सापडले नाही’ आणि ‘आम्हाला शोधता आले नाही’ यांतला फरक कोणालाही दाखवता आला नसता. आता तो दाखवता येतो. अरेसिबोला दिसणाऱ्या, म्हणजे एकूण आकाशाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यात, या अरुंद पट्ट्यात, अमुक इतक्या जोराची हाक कोणी मारली असती तर ती या चाळणीत अडकली असती, असे मोजून सांगता येते. माझ्या मते त्या वीस वर्षांची कमाई हीच आहे, आणि ती प्रमाणपत्रावर छापण्यासारखी नसली तरी लहान नाही. पट्टा अरुंद होता, हाक अखंड चालू असायला हवी होती, ज्याला हायड्रोजनची जागा सुचलीच नाही त्याचे आपल्याला कळणार नव्हते. या मर्यादाही तितक्याच मोजून सांगितलेल्या आहेत.

माझी भाची बेळगावला शिकते. तिच्या खेळाच्या संगणकात माझ्या त्या वेळच्या यंत्राच्या कित्येक पट ताकद आहे, आणि ती तो ‘आइन्स्टाइन अॅट होम’ या प्रकल्पाला देते. परग्रहवासीयांत तिला रस नाही. तिला पल्सार पाहिजे, म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरत ठरावीक तालात रेडिओ ठोके देणारा मृत तारा. त्यात तिचे चुकते असे म्हणवत नाही, कारण २०१० मध्ये त्या प्रकल्पाला अरेसिबोच्याच माहितीत एक नवा पल्सार सापडला, आणि तो अमेरिकेतल्या एका दांपत्याच्या व जर्मनीतल्या एका सदस्याच्या संगणकांनी टिपला, हे नावानिशी जाहीर झाले. पल्सार ठोके देत राहतो. पुन्हा पाहिले की पुन्हा सापडतो. तिचा हिशेब सोपा आहे. छतावर सौर पॅनेल बसवल्यापासून ती यंत्र दिवसा चालवते, रात्री बंद ठेवते, आणि माझ्या तीस युनिटांच्या गोष्टीवर तिचा विश्वास बसत नाही.

फास्टकडून त्या शंभरांचा निकाल यायचा आहे. तेही सगळे गोंगाट ठरतील असा माझा अंदाज आहे, आणि शास्त्रज्ञांच्या बोलण्यातही फार आशा दिसत नाही. तसे झाले तर प्रत्येक जागा का वगळली, कोणत्या रडारमुळे की निव्वळ योगायोगामुळे, हे त्यांच्या शोधनिबंधात लिहिलेले असावे एवढी माझी अपेक्षा आहे. ते छापून आले की मी बसून वाचणार आहे.